झोपताना जप करतो, तरी स्वप्नात जाग येत नाही

ताई, नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यातला, तापीकाठच्या गावचा. वय २६. बीएस्सी करून आता घरची शेती बघतो. केळी, पपई आणि थोडा कापूस. दोन वर्षांपूर्वी पोलीस भरतीला उतरलो होतो. लेखीची तयारी चांगली होती, पण ग्राउंडला १६०० मीटरमध्ये मागे पडलो आणि तिथंच सगळं संपलं. तेव्हापासून एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. मी ग्राउंडवर उभा आहे, शिट्टी वाजते, सगळे पळत सुटतात आणि माझे पाय काळ्या चिखलात रुतलेले असतात, उचलतच नाहीत. दचकून उठतो. हे एक सोडलं तर सकाळी दुसरं कुठलंही स्वप्न आठवत नाही.

होस्टेलच्या एका मित्राकडून कळलं की स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळू शकतं आणि मग ते आपल्या मनासारखं चालवता येतं. मला एकदा तरी ती रेस पूर्ण करायची आहे. त्यानं पाठवलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून रोज झोपताना ‘मी स्वप्नात जागा होईन’ हे वाक्य आजीच्या माळेवर १०८ वेळा म्हणतो. दोन महिने झाले, काही उपयोग नाही. रात्रीच्या लाइटचा आठवडा असला की पाणी द्यायला उठावं लागतं, झोप मोडते. अशाच एका रात्री मळ्यातून येऊन उताणा पडलो. पहाटे डोळे उघडले तर अंग हलेना, छातीवर कुणी बसलंय असं वाटलं. आजी म्हणते, ‘सपनसंगे खेयू नको भाऊ.’ तिनं माळही परत घेतली.

माझा मंत्र चुकतोय का? दुसरा एखादा चांगला मंत्र आहे का? मित्र म्हणतो यासाठी गोळ्याही मिळतात, त्या घ्याव्यात का? आणि यात काही धोका आहे का?

– एक वाचक

भाऊ,

छातीवरच्या त्या दाबानं तुम्ही घाबरला आहात, म्हणून आधी त्याचंच सांगते. त्या रात्री तुमच्या खोलीत कुणी आलं नव्हतं आणि तुमच्या जपामुळे काही जागं झालं नव्हतं.

आपली ठळक, लांबलचक स्वप्नं बहुतेक करून झोपेच्या ज्या भागात पडतात त्याला आरईएम झोप म्हणतात. शिकागोच्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिच्यावरचा पहिला शोधनिबंध छापला. या झोपेत बंद पापण्यांखाली डोळे झरझर फिरत असतात, पण हातापायांचे स्नायू मेंदूनं ढिले सोडलेले असतात. म्हणूनच स्वप्नात आपण पळालो तरी खाटेवरून उठून पळत नाही. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायूंचा तो ढिलेपणा थोडा वेळ मागे रेंगाळतो. डोळे उघडे असतात, वरचे पत्रे दिसत असतात, अंग मात्र हलत नाही. स्वप्नाचा उरलेला तुकडा त्याच खोलीत मिसळतो, त्यामुळे कुणी उभं आहे, कुणी दाबतंय असं दिसतं आणि जाणवतं. श्वास आपोआप चालू असतो, पण छातीचे स्नायू सैल असल्यामुळे मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही. तोच छातीवरचा दाब. २०११ मध्ये जुन्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी २८ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी असा अनुभव आल्याचं दिसलं. म्हणजे तुमच्या गावातही तो बऱ्याच जणांना आलेला असणार, फक्त कुणी बोलत नाही.

झोप कमी पडली, मधेच मोडली, उताणं झोपलं, की हे होण्याची शक्यता वाढते. तुमच्या त्या रात्री तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. पुन्हा झालंच तर उठायची धडपड करू नका. पायाचा अंगठा किंवा हाताचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा, श्वास सावकाश सोडा. थोड्या वेळात अंग मोकळं होतं. कुशीवर झोपायची सवय लावा. पण हे वरचेवर होऊ लागलं, किंवा दिवसा आवरता येणार नाही अशी झोप येऊ लागली, किंवा जोरात हसताना गुडघे एकदम ढिले पडतात असं जाणवलं, तर धुळ्याला जाऊन डॉक्टरांना दाखवा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ हे खरंच कळू शकतं का? कळतं. फ्रेडरिक फान एडन या डच मनोविकारतज्ज्ञानं १९१३ मध्ये स्वतःच्या अशा स्वप्नांबद्दल लिहिलं होतं, पण तेव्हा कुणाला पटवून देण्याचा मार्ग नव्हता. १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी तो शोधला. आरईएम झोपेत सारं अंग ढिलं असतं, डोळे मात्र फिरत असतात. म्हणून ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाशी आधीच ठरवून घेतलं: स्वप्नात भान आलं की डोळे ठराविक वेळा डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. तो झोपलेला असताना यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी पुढच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना सोप्या बेरजा-वजाबाक्या विचारल्या, आणि काहींनी स्वप्नातूनच डोळ्यांच्या खुणेनं बरोबर उत्तरं दिली. तेव्हा तुमचा मित्र थापा मारत नाही. ‘मनासारखं चालवता येतं’ हे मात्र त्यानं वाढवून सांगितलंय. भान येणं आणि ताबा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली घडली म्हणून दुसरी घडेलच असं नाही.

तुमच्या व्हिडिओतलं ते वाक्य बहुधा लाबर्ज यांच्याच पद्धतीतून उचललेलं आहे. माइल्ड या नावानं ती ओळखली जाते. गंमत सोडा, दुःखाची गोष्ट अशी की त्या पद्धतीतलं फक्त वाक्य सगळीकडे पोचलं आणि तिचा जीव मागेच राहिला. तिचा जीव शब्दांत नाही, आठवणीत आहे. पुढं करायच्या कामाची आठवण.

असं बघा. तुम्ही शिरपूरला निघालात आणि आई म्हणाली, येताना मेडिकलमधून आजीची बीपीची गोळी घेऊन ये. तुम्ही ते वाक्य वाटेत १०८ वेळा म्हणता का? नाही. एकदाच मनाशी धरता, आणि धरताना करवंद नाक्यावरचं ते दुकान डोळ्यांसमोर येतं. मग बाजार करता, कुणाशी गप्पा मारता, गोळी पार विसरलेली असते. परत येताना दुकान दिसतं आणि आठवतं. दुकानानंच आठवण करून दिली, कारण तुम्ही निघतानाच ती आठवण दुकानाला अडकवून ठेवली होती. स्वप्नात जागं व्हायला नेमकं हेच लागतं. ‘अमुक दिसलं की मला आठवायचं आहे, हे स्वप्न आहे.’ तुमच्या वाक्यात ‘मी जागा होईन’ आहे. कधी, काय दिसल्यावर, याचा पत्ता नाही.

आणि माळेवर काय होतं ते तुम्हीच आठवून बघा. विसाव्या मण्यापर्यंत वाक्याला अर्थ असतो. त्यानंतर जीभ वाक्य म्हणत राहते आणि मन उद्याच्या फवारणीकडे, व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पैशांकडे गेलेलं असतं. आजीच्या नामस्मरणाला मी तिळभरही कमी लेखत नाही. तिथं नावामागून नाव येत मन एका जागी शांत होणं, देवाशी लागणं, हेच काम आहे, आणि म्हणता म्हणता झोप लागली तरी ते काम झालेलं असतं. तुम्हाला हवी आहे ती दुसरीच गोष्ट, एका नेमक्या क्षणी झालेली आठवण. आपल्या परंपरेलाही हा विषय परका नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात स्वप्न आणि निद्रा यांतल्या ज्ञानाचा आधार घेऊन चित्त स्थिर करता येतं असं सूत्र आहे. तिबेटी बौद्धांकडे नारोपाच्या सहा योगांमध्ये स्वप्नयोग येतो. तिथंही रात्रीच्या संकल्पावर काम सोडून देत नाहीत. दिवसभर आजूबाजूचं सगळं स्वप्नासारखं पाहायचा अभ्यास करायला लावतात.

तर मंत्र बदला असं मी सांगणार नाही. वेळ बदला, आणि त्याला खूण जोडा.

वेळेचं असं की झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, आरईएम अगदी थोडी. पहाटेकडे ते उलटतं, आरईएमचे टप्पे लांबत जातात. तुम्ही दहा वाजता माळ संपवता आणि मोठी स्वप्नं येतात तीन-चारनंतर. मधल्या गाढ झोपेत संकल्प विरून जातो. म्हणून ही पद्धत मुळात पहाटे जाग येते त्या वेळेसाठी आहे: चार-पाच तास झोप झाली, जाग आली, आत्ताचं स्वप्न आठवलं, संकल्प केला, पुन्हा झोपलं. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये हे तपासलं. पाच तास झोपून उठायचं, ही पद्धत करायची, दिवसा ‘हे स्वप्न तर नाही?’ असं तपासायचं, हे सगळं मिळून करणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे १७ टक्के वेळा यश आलं. आणि पद्धत संपवल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्यात ते प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. हे आकडे दोन अर्थांनी ध्यानात ठेवा. इतकं सगळं करूनही दर सहा प्रयत्नांत पाच वाया गेले, त्यामुळे दोन महिन्यांत काही झालं नाही म्हणून स्वतःला कमी समजायचं कारण नाही. आणि संकल्प थोडक्यात, सहज करून झोपी जाणाऱ्यांना तो जास्त फळला. खाटेवर तासभर मणी ओढत बसणाऱ्याची झोपच उडते.

इथं तुमच्या मनात येईल की रात्रीच्या लाइटला मी उठतोच, मग ते आयतंच झालं. मी मात्र तुम्हाला त्या आठवड्यात हे करू नका असंच सांगेन. दिवसभर राबून, मध्यरात्री उठून, अंधारात बॅटरी घेऊन मळ्यात जायचं, स्टार्टर बघायचा, ठिबकचा कॉक फिरवायचा, लिकेज बघायचं, साप-विंचवाचं भान ठेवायचं. तिथून परतलेल्या माणसाला झोप हवी असते, प्रयोग नको. छातीवर दाब आला तोही अशाच रात्री. त्या आठवड्यात नुसतं झोपा, आणि दुपारी जमेल तेव्हा अर्धा तास आडवे व्हा. दिवसाची लाइट असेल त्या आठवड्यात हे करा. त्यासाठी अलार्मही लावू नका. पहाटे तहान लागून किंवा लघवीला जाग येतेच, तेवढी पुरते.

आणखी एक, सध्याच्या उन्हाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत तापलेलं राहतं. आरईएम झोपेत शरीराला स्वतःचं तापमान नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे उकाड्याचा पहिला फटका याच झोपेला बसतो. घरात तळमळत पडून कितीही संकल्प केले तरी उपयोग नाही. धाब्यावर किंवा गच्चीवर अंथरूण टाका. पहाटे गार वारं सुटतं, अंग निवतं, तेव्हा स्वप्नंही भरभरून पडतात. संध्याकाळनंतर चहा नको. दारूनं आरईएम झोप दबते, तेव्हा मित्रांसोबत घेत असाल तर त्या रात्री अपेक्षाही ठेवू नका.

संकल्पाच्याही आधी एक काम आहे, आणि बहुतेक लोक ते कंटाळून सोडतात. तुम्हाला स्वप्नं आठवत नाहीत. मग समजा एखाद्या रात्री स्वप्नात भान आलंही असेल, सकाळी ते तुम्हाला कसं कळणार? पहिले दोन-तीन आठवडे बाकी सगळं सोडा आणि एवढंच करा. जाग आली की हलू नका, कूस बदलू नका, मोबाइलला हात लावू नका. डोळे मिटून स्वतःला विचारा, ‘आत्ता मी कुठं होतो?’ आधी काहीच येणार नाही. मग एखादा तुकडा येईल: एक चेहरा, ओली गोणी, कुणाची तरी हाक. तो तुकडा धरून मागे जा, स्वप्न बहुतेक वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे आठवतं. मग लिहा. वही जमत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पण आठवून झाल्यावर. आधी स्क्रीन पाहिली की स्वप्न गेलंच म्हणून समजा. काहीच आठवलं नाही तर ‘आज काही नाही, पण मन उदास आहे’ एवढं तरी लिहा. उठल्या उठल्या गोठ्याकडे धावायची घाई असते हे मला माहीत आहे. पाच मिनिटं आधी झोपा म्हणजे पाच मिनिटं उशिरा उठल्याचं ओझं वाटणार नाही.

आता खूण. आठवड्याभराची स्वप्नं वाचली की दिसतं, काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. लोक ही खूण शोधण्यात महिने घालवतात. तुमच्याकडे ती दोन वर्षांपासून आहे: शिट्टी वाजते आणि पाय उचलत नाहीत. जागेपणी असं कधीच होत नाही. त्या दिवशीच्या खऱ्या ग्राउंडवरही झालं नव्हतं. तुम्ही पळालात, मागे पडलात, पण पाय चालले होते. पाय रुतले म्हणजे ते स्वप्नच. मेडिकलच्या दुकानाचं काम या रुतलेल्या पायांना करू द्या.

पहाटे जाग आली की कुशीवर पडल्या पडल्या असं करा. आत्ताचं स्वप्न आठवा. आठवलं नाही तर ग्राउंडचं घ्या. डोळे मिटून पुन्हा त्या ग्राउंडवर उभे राहा. चुन्याची रेघ बघा, छातीवरचा चेस्ट नंबर बघा, शिट्टी ऐका, पाय अडकू द्या. आणि नेमक्या त्या क्षणी, दचकायच्या ऐवजी, स्वतःला म्हणा: ‘पाय अडकनात, म्हणजे हाई सपन शे.’ (पाय अडकले, म्हणजे हे स्वप्न आहे.) घरी ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत म्हणा. व्हिडिओतलं वाक्य तुमच्या तोंडचं नाही. मग खाली बघा, हात एकमेकांवर चोळा, आजूबाजूला बघा. हे चित्र तीन-चारदा फिरवा. दर वेळी अर्थासकट म्हणा, मन भरकटलं तर परत आणा. मग सोडून द्या आणि झोपा. मोजू नका.

दिवसा याला जोड द्यायची. काही विचित्र घडलं, किंवा ग्राउंडची, भरतीची आठवण आली, की थांबून खरोखर विचारा, ‘मी आत्ता जागा आहे कशावरून?’ नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. स्वप्नात बहुतेक वेळा नाक दाबूनही श्वास येतो. किंवा खताच्या गोणीवरची अक्षरं वाचा, नजर फिरवा, पुन्हा वाचा. स्वप्नात ती बदलतात. हे यांत्रिकपणे केलं तर स्वप्नातही यांत्रिकपणे कराल आणि ‘जागाच आहे’ म्हणून पुढे जाल, म्हणून दिवसातून मोजक्याच वेळा पण मनापासून करा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. तपासायचं ते फक्त नाकानं किंवा वाचून. उडी मारून बघू नका, विहिरीच्या काठावर नाही, गच्चीच्या कठड्यावर नाही. स्टार्टरला, वायरला हात लावून तर मुळीच नाही. मोटारसायकलवर असताना हा विचारही मनात आणू नका.

जेव्हा जमेल तेव्हा, आनंदानं लगेच जाग येईल. पहिल्यांदा बहुतेकांचं असंच होतं. म्हणून भान आलं की लगेच पळायला जाऊ नका. हात चोळा, वाका, त्या काळ्या चिखलाला हात लावून बघा, तो गार आहे की कोमट ते बघा. अंगाच्या स्पर्शात राहिलं की स्वप्न थोडं टिकतं. मग हवं तर पहिलं पाऊल टाका. पाय तरीही निघाले नाहीत तर नाही निघाले. उभे राहा आणि बाकीच्यांना पळताना बघा. तुम्हाला माहीत असेल की हे स्वप्न आहे, आणि भीतीचा जोर तिथंच ओसरलेला असेल.

गोळ्यांचं थोडक्यात: घेऊ नका. मित्र म्हणतो ती बहुधा गॅलँटामाइन असावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ती डॉक्टर लिहून देतात. लाबर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तिच्यावर प्रयोग केला हे खरं आहे आणि तिनं अशी स्वप्नं वाढली हेही खरं. पण तिनं मळमळ होते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात, आणि ऑनलाइन मागवलेल्या डबीत काय आहे हे कुणी तपासत नाही. एका स्वप्नासाठी हे करायचं नाही.

धोक्याबद्दल विचारलंत. नीट झोपणाऱ्या, तब्येतीनं ठणठणीत माणसाला आठवड्यातून दोन-तीन पहाटे हे करून बघण्यात मला भीती वाटत नाही. पण तुम्हाला किंवा घरात कुणाला भास होण्याचा, संशय बळावण्याचा, मन फार चढण्या-उतरण्याचा आजार झाला असेल, किंवा जागेपणी घडलेलं खरं की स्वप्नातलं असा गोंधळ व्हायला लागला, तर हे लगेच बंद करा आणि मनोविकारतज्ज्ञांशी बोला. गावातून जाणं अवघड असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

भाऊ, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला स्वप्नात जागं व्हायचं आहे ते उडायला, फिरायला नाही. ती रेस पूर्ण करायला. त्यासाठी आणखी एक रस्ता आहे, आणि तो यापेक्षा खात्रीचा आहे. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर मानसोपचारात तो वापरतात. दिवसा, उजेडात, दहा मिनिटं बसायचं. ते स्वप्न कागदावर लिहायचं आणि त्याचा शेवट बदलायचा, तुम्हाला हवा तसा. पाय चिखलातून निघाले, किंवा चिखल वाळला, किंवा तुम्ही रेघेबाहेर येऊन बसलात आणि शिट्टी वाजवणाऱ्या साहेबांना म्हणालात, मी आज पळत नाही. पळून जिंकायलाच हवं असं नाही. मग तो नवा शेवट रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचा. स्वप्नात भान येवो न येवो, अशानं बऱ्याच जणांचं ते स्वप्न निवळतं किंवा विरळ होतं. हे तुम्ही आजच सुरू करू शकता, रात्रीच्या लाइटच्या आठवड्यातसुद्धा.

आणि जागेपणीचं ग्राउंड? पारावर बसलेले लोक ‘काय झायं रे भो भरतीनं?’ असं अजून विचारत असतील. वय २६ आहे. पुढची जाहिरात येईल तेव्हा वयोमर्यादेत बसता का, पुन्हा उतरायचं आहे का, हे एकदा बसून ठरवा. उतरायचं असेल तर स्वप्नातल्या सरावाचा भरवसा धरू नका. स्वप्नात भान आलेल्या काहींनी तिथं कपात नाणी टाकायचा सराव केला आणि जागेपणी त्यांचा नेम सुधारला, असा एक छोटा अभ्यास २०१० मध्ये झाला होता. पण १६०० मीटरचा दम छातीत आणि पायांतच कमवावा लागतो, पहाटे रस्त्यावर. उतरायचं नसेल तर तेही एकदा घरी मोठ्यानं सांगून टाका. ‘मी शेती करणार आहे’ हे वाक्य तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही; ‘घरची शेती बघतो’ असं लिहिलंय. अधांतरी ठेवलेलं काम मन रात्री उकरत राहतं.

आजीची माळ मागू नका, तिची तिला राहू द्या. तिला सांगा की झोपेत दाबलं ते थकव्यानं होतं, आणि ताईनं कुशीवर झोपायला सांगितलंय. तिच्या वेळी लोक असं झालं की काय करायचे, तिला कधी झालं होतं का, हेही विचारा. तिला कुठली स्वप्नं पडतात तेही विचारा, आणि तिनं सांगितलेली तुमच्या वहीत वेगळ्या पानावर उतरवा. पहाटे ती तुमच्या आधी उठत असेल. तुम्ही हलल्याचं दिसलं की पाच मिनिटं हाक मारू नको एवढं तिच्याशी ठरवून घ्या.